जहाजावर मी 'या' म्हणालो

जर्मनीहून परतल्यापासून कराडात जो भेटतो तो विचारतो, "काय दादा, काय काय पाहिलंत?" मी तोंड उघडलं की मागून आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "निम्मं धरा." म्हणून इथे आधीच सांगून टाकतो. पुढे मी लिहिणार आहे की उत्तर समुद्रावरचे पक्षी बोकडाएवढे होते. ते वाचकांनी कोंबड्याएवढे धरावेत. लाटांनाही तोच हिशेब लावावा. पण 'या' ह्या एका शब्दाबद्दल जे लिहिणार आहे, त्यातला काना काढू नये. त्या शब्दाने मला भर समुद्रात असा धक्का दिला की अजूनही जेवताना मध्येच घास हातात धरून बसतो.

माझी लाकडाची वखार आहे. सागवान, शिसम, बाभूळ, निलगिरी. मुलगी मृणाल मात्र भिंगांमध्ये रमली आणि डॉक्टरेट करायला येनाला गेली. फेब्रुवारीत तिचा फोन आला. वखारीत करवत चालू होती म्हणून मी ओरडून बोलत होतो. ती म्हणाली, "बाबा, इथे एक जण आहे." मी करवत बंद करायला लावली.

"आहे म्हणजे?"

"म्हणजे आहे."

नाव योनास. तिच्याच प्रयोगशाळेत भिंगं घासतो. मी पुढचं काही विचारायच्या आत तिने सगळं एका दमात सांगितलं. "तुम्ही हो म्हणालात तरच लग्न करीन. नाही म्हणालात तर करणार नाही. पण मग दुसरं स्थळही आणायचं नाही. एकदाच उत्तर द्या, पण त्याला बघून द्या."

मी नाही म्हणायचं ठरवून आम्हा नवराबायकोची तिकिटं काढली. नाही फोनवरही म्हणता आलं असतं, पण एवढं मोठं नाही समोर बसून म्हणावं, अशी आपली रीत. नाहीला जर्मनमध्ये 'नाइन' म्हणतात हे विमानातच पाठ करून घेतलं. होला काय म्हणतात ते विचारलं नाही. लागणारच नव्हतं.

येना

गावाचं नाव ऐकूनच मी गार झालो. इंग्रजीत लिहिलेलं वाचलं तर जेना, पण तिथले लोक जे अक्षराला य म्हणतात. त्यामुळे स्टेशनवर उतरल्या उतरल्या भोंग्यातून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "येना." मला वाटलं, काय अगत्य आहे, अख्खं गाव 'ये ना' म्हणतंय.

फुटबॉलचा विश्वचषक नुकताच संपला होता. जिंकला दुसऱ्याच देशाने, तरी घरोघरी ह्यांचे झेंडे लटकत होते. बाकी गाव इतकं शांत की आपल्याच बुटांचा आवाज ऐकून मी दोनदा मागे वळून पाहिलं. रविवारी तर कुणी मोठ्याने शिंकतसुद्धा नाही. मृणालने बजावलं होतं, "बाबा, रविवारी मिक्सर लावायचा नाही, रुअत्साइट असते." म्हणजे आवाज बंद ठेवायची वेळ. मी म्हटलं, म्हणजे आमच्या वखारीतल्या करवतीला इथे जन्मठेपच झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच फिरायला निघालो. एका घराच्या तळमजल्याच्या खिडकीत एक म्हातारी फोन कानाला लावून उभी होती. माझ्याकडे बघत ती म्हणाली, "या, या." मी थांबलो. ती पुन्हा म्हणाली, "या, या, या." एवढ्या वेळा बोलावल्यावर न जाणं हा अपमान झाला असता. दार उघडंच होतं. मी आत जाऊन सोफ्यावर बसलो, आणि बाईंनी फोन खाली ठेवून जी किंकाळी फोडली तिने रुअत्साइटचा कायमचा निकाल लागला असावा. पुढे खुणा झाल्या, हातवारे झाले, मी मुलीच्या घराचा पत्ता दाखवला. बाई शेवटी हसल्या आणि त्यांनी चेरीचा केक कापला. तो खाऊन मी उठलो आणि निघताना रीतसर म्हणालो, "येतो."

घरी येऊन हे सांगितलं तर मृणाल कपाळाला हात लावून बसली. "अहो बाबा, 'या' म्हणजे हो. लिहितात जे, म्हणतात या. ती फोनवर कुणाला तरी हो, हो म्हणत होती."

मी जो हादरलो तो केकमुळे नव्हे. आदल्या संध्याकाळी मृणाल घरी नसताना पांढऱ्या शर्टातली दोन पोरं धर्माचं पुस्तक घेऊन दारात आली होती. मला त्यांचं कळेना, त्यांना माझं. ती जायला उठली की मी 'या' म्हणायचो, आणि ती आनंदाने परत बसून पुस्तक उघडायची. असं इतक्या वेळा झालं की आमच्या हिने शेवटी स्वयंपाकघरातून झाडू दाखवला.

"म्हणजे आल्यापासून मी दिसेल त्याला हो म्हणतोय?" मी विचारलं.

"सवय बदला," मृणाल म्हणाली.

"ते बदलणार नाहीत," ही म्हणाली. "चोर आला आणि तिजोरी घेऊन 'येतो' म्हणाला, तरी ह्यांच्या तोंडून 'या' निघणार. बाई गं, ह्यांच्या जिभेला ते वंगण लावूनच बसवलंय."

आता हे ज्याला माहीत नसेल असा मराठी माणूस नाही. आपल्याकडे निघणारा कधी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि राहणारा त्याला 'या' म्हणतो. त्यात विचार नसतो. शिंक आली की डोळे मिटतात तसं ते असतं. मी म्हटलं, ठीक आहे, जपू.

संध्याकाळी योनास आला. उंच, सरळ, पिवळसर केसांचा. वखारवाल्याच्या नजरेने मी त्याची जात तेव्हाच ओळखली: निलगिरी. निलगिरी दिसायला सरळ असते, पण वाळली की पीळ धरते, चौकटीला वापरता येत नाही. तो मला 'हेर माने' म्हणाला. हेर म्हणजे त्यांच्यात श्रीयुत. मी मनात म्हटलं, पोरा, बरोबर ओळखलंस, मी हेरगिरीलाच आलोय.

त्याला लांब ठेवायचं तर सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे मान देणं. वखारीतल्या पोरांना मी अरे-तुरे करतो, ज्याला उधार द्यायचं नाही त्याला अहो-जाहो. योनासला मी पहिल्या वाक्यापासून अहो-जाहो सुरू केलं. "बसा. घ्या. राहू द्या." मृणालच्या ते लक्षात आलं आणि तिचा चेहरा पडला. त्याला बिचाऱ्याला वाटलं मराठी भाषा फार नम्र आहे.

जाता जाता त्याने इंग्रजीतून सांगितलं की शनिवारी आपण सगळ्यांनी त्याच्या गावी, ब्रेमरहाफनला यावं. तिथे एक जुनं शिडाचं जहाज आहे, ते दिवसभरासाठी समुद्रात जाणार आहे, आणि तिथे त्याला माझ्याशी एक बोलायचं आहे.

तो गेल्यावर मृणाल म्हणाली, "तो तिथे विचारणार आहे. लहानपणापासून सगळ्या सुट्ट्या त्याने त्या जहाजाचा रंग खरवडण्यात घालवल्यात. तुम्हाला जे म्हणायचंय ते तिथेच म्हणा, पण स्पष्ट म्हणा."

"स्पष्टच म्हणणार," मी म्हटलं. रात्री आरशासमोर उभं राहून 'नाइन'चा सराव केला. चांगला येत होता.

ब्रेमरहाफन

ह्या गावात वारा राहतो आणि माणसं त्याच्याकडे भाड्याने राहतात. स्टेशनबाहेर माझी टोपी उडाली ती बहुधा डेन्मार्कला उतरली असेल. इथेच ते बोकडाएवढे पक्षी. एकाने माझ्या हातातला तळलेला मासा पावासकट उचलला आणि समोरच्या खांबावर बसून माझ्याकडे बघत खाल्ला.

संध्याकाळी योनासच्या आईकडे जेवण होतं. त्या एकट्याच राहतात, बंदरातल्या एका कचेरीत नोकरी करतात. टेबलावर पाव, चीज, आंबवलेली काकडी, मुळा, उकडलेली अंडी, सगळं थंड. मला वाटलं ही तयारी आहे, आता गॅस पेटेल. गॅस पेटला नाही. हेच जेवण. त्याला ते संध्याकाळचा पाव म्हणतात आणि पाहुणा आला तरी पावच ठेवतात. आमच्या हिच्याकडे पाहिलं तर ती मन लावून मुळा खात होती. आपल्याकडे व्याही येणार म्हटलं की दोन दिवस आधी मसाला वाटायला बसतात, इथे होणाऱ्या, म्हणजे न होणाऱ्या व्याह्याला काकडी. मी एवढा चकित झालो की पाच पाव खाल्ले.

निघताना मी सवयीने म्हटलं, "येतो."

योनासने मृणालला अर्थ विचारला आणि गोंधळून माझ्याकडे वळला. "तुम्ही तर जाताय. मग येतो का म्हणालात?"

माझं इंग्रजी वखारीपुरतं, पण हे सांगता आलं. "आम्ही जातो म्हणत नाही. जातो म्हटलं आणि माणूस नाहीच परत आला तर? म्हणून येतो म्हणायचं. म्हणजे रस्त्याला कळतं की ह्याला परत यायचंय."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्याने आईला जर्मनमध्ये सांगितलं आणि त्या दोघांत काही बोलणं झालं. मग मला म्हणाला, "उद्या आपण ज्या जहाजावर जाणार आहोत ते उत्तरेच्या बर्फात गेलं होतं. दोघे जण परत आले नाहीत. लहानपणी मी त्यांची नावं डेकवरच्या पाटीवर वाचायचो. ते निघताना काय म्हणाले असतील असं मला नेहमी वाटायचं."

त्याने दोन-तीनदा 'येतो, येतो' असं घोकलं. उच्चार चांगला होता. मग विचारलं, "आणि परत आल्यावर?"

"आलो," मी सांगितलं.

'येतो'ला उत्तर काय द्यायचं असतं ते त्याने विचारलं नाही, आणि मृणालने सांगितलं नाही. ही गोष्ट मी तेव्हा मनावर घेतली नव्हती. आता कधी कधी घेतो.

हुल्डा

जहाजाचं नाव हुल्डा. पहिल्यांदा पाहिलं आणि मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं, कारण मला वाटलं होतं उत्तरेच्या बर्फाला धडका देणारं जहाज म्हणजे निदान आमच्या साखर कारखान्याएवढं असेल. हे तर वखारीच्या शेडमध्ये मावलं असतं. दोन डोलकाठ्या, काळं पोट, आणि बूड चक्क गोल, डेऱ्यासारखं. ते आरमारासाठी बांधलेलं होतं. मग उत्तरेला जायची टूम निघाली, तेव्हा तोफा उतरवल्या आणि शेगड्या चढवल्या. आता गावातली हौशी मंडळी ते सांभाळतात.

कप्तान म्हणजे दाढीचा एक मोठा पुंजका, त्यात मध्येच पाइप. योनास दुभाष्या झाला. मी नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी जाऊन लाकडावर बोटाच्या पेरांनी ठोकलं. आवाज आला तो लाकडाचा नव्हता, पोलादाचा म्हणा. ओकची फळी, तिच्यावर पुन्हा ओकची फळी, आणि पुढच्या टोकाला लोखंडी पत्रा. बर्फाने दोन बाजूंनी दाबलं की गोल बूड वर उचललं जावं, चेंगरू नये, म्हणून ते डेऱ्यासारखं. सगळा हिवाळा ते बर्फात अडकून पडलं होतं, आणि बर्फ वितळल्यावर स्वतःच्या शिडांनी घरी आलं. मी आयुष्यात लाकूडच पाहिलंय, पण त्या फळ्यांवर हात ठेवला आणि हात काढवेना. आमच्याकडे चार पावसाळे झाले की दाराची चौकट दार घ्यायला नकार देते.

"काठ्याही ओकच्या?" मी विचारलं.

कप्तानाने मान हलवली. त्या पाइनच्या. हलक्या, सरळ लाकडाच्या. ओक वाकत नाही, वादळात मोडतो. डोलकाठीला वाकणारं लाकूड लागतं.

कप्तानालाही गोष्टी सांगायची खोड होती. म्हणाला, बर्फाने जहाज एवढं उचललं होतं की आचारी चहा करायला जिना उतरून खाली बर्फावर जायचा. मी म्हटलं, आमच्या कृष्णेला पूर आला तेव्हा एक म्हैस वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत आली, रवंथ करत बातम्या ऐकल्या आणि दुसऱ्या खिडकीतून गेली. योनासने ते तसंच्या तसं भाषांतर केलं. कप्तानाने पाइप काढून माझ्याशी हात मिळवला.

मला वाटलं होतं पाहुणे म्हणजे आपण खुर्चीवर बसून समुद्र बघायचा. हुल्डावर खुर्ची नाही. ज्याला दोन हात आहेत त्याने दोर ओढायचा. 'हाऊ रुक' अशी आरोळी द्यायची आणि रुक म्हटलं की ओढायचं. मी 'हाऊ' वरच ओढला, त्यामुळे पुढची जर्मन मंडळी माझ्या अंगावर आली आणि मी दोरखंडाच्या वेटोळ्यात बसलो. आमची ही डोक्याला रुमाल बांधून दुसऱ्या दोरावर होती आणि 'हाऊ रुक' इतकं खणखणीत म्हणत होती की तिसऱ्या शिडाच्या वेळी कप्तानाने आरोळीचं काम तिलाच दिलं.

शिडं भरली. जहाज एका अंगावर कललं आणि माझं पोट दुसऱ्या. लाटा ह्या, ह्या अशा, आमच्याकडच्या वाघजाईच्या डोंगराएवढ्या. (निम्मं धरा. बरं, पाव धरा.)

दुपारी जेवण आलं आणि मी ताटाकडे बघतच राहिलो. गुलाबी. संपूर्ण गुलाबी. बटाटा आणि बीट एकत्र ठेचून केलेला गोळा, त्यावर तळलेलं अंडं, शेजारी आंबट मासा. हे खलाश्यांचं जुनं खाणं आहे, त्यात खारवलेलं गोमांस असतं, एवढं मृणालने आधी सांगितलं होतं, म्हणून मी चमचा खाली ठेवला. तेव्हा आचारी लगबगीने आला आणि हातवारे करून सांगू लागला. मृणालने अर्थ सांगितला: योनासने त्याला आठवडाभर आधीपासून फोन करकरून छळलं होतं. म्हणून आज अख्ख्या जहाजासाठी मांसाशिवाय केलंय, कारण दोन भांडी वेगळी ठेवली तर पाहुण्यांना शंका राहील.

मी योनासकडे पाहिलं. तो ताटात बघत होता. अख्ख्या जहाजावरचे खलाशी नुसतं बीट खात होते, आणि त्यातले काही जण त्याच्याकडे रागाने बघत होते.

मी खिशातून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली. थोडी माझ्या गोळ्यावर घातली. कप्तानाने ती जॅमसारखी चमच्याने घेतली आणि मी थांबवायच्या आत तोंडात टाकली. उत्तरेच्या बर्फात हिवाळा काढून आलेल्या जहाजाचा कप्तान तो, पण दाढीच्या आत लाल दिवा लागल्यासारखा दिसला. मग डोळे पुसत त्याने दुसरा चमचा घेतला.

एवढं सगळं होऊनही माझा निश्चय हलला नव्हता. थोडा कलला होता, जहाजासारखा. पण 'नाइन' जिभेवर होता.

वेझरच्या मुखाशी

वेझर नदी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्याचा रंग बदलतो. तिथेच योनास माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याने केस पाण्याने बसवले होते आणि वाऱ्याने ते पुन्हा उभे केले होते. डेकवरचं बोलणं एकदम थांबलं. सगळ्यांना माहीत होतं. मृणाल कठड्याला धरून उभी होती. आमच्या हिने दोर सोडला.

त्याने जर्मनमध्ये सुरुवात केली. घोकून आणलेलं, लांब, जड वाक्य असावं. मला शब्द कळत नव्हते, पण 'मृणाल' कळलं. मी जीभ टाळूला लावून 'न' ची तयारी केली.

तेवढ्यात कप्तान मागून ओरडला. वारा फिरला होता, वरचं शीड ताबडतोब आवळायचं होतं, आणि ते काम योनासचं. तो क्षणभर मागे बघून पुन्हा माझ्याकडे वळला, उरलेलं वाक्य भराभर पुरं केलं, शेवटी आवाज वर नेऊन थांबला. प्रश्न संपला होता. पण उत्तरासाठी थांबायला वेळ नव्हता. त्याने दोरशिडीला हात घातला, आणि आदल्या संध्याकाळी शिकवलेलं त्याला आठवलं. एक हात छातीशी नेऊन, मान झुकवून, माझ्याकडे बघत तो म्हणाला,

"येतो."

आणि मी म्हणालो, "या."

मी म्हणालो असं लिहितोय, पण मी कुठे म्हणालो? ते माझ्या आजोबांनी म्हटलं, त्यांच्या आजोबांनी म्हटलं, माझं तोंड फक्त उघडं होतं. आधी काही झालं नाही. मग कप्तानाने घंटा बडवायला सुरुवात केली. खलाशी ओरडू लागले. कुणीतरी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की नाइन घशातून पोटात गेला. आचारी पळी घेऊन नाचत होता. मी एकाकडून दुसऱ्याकडे बघत होतो.

वर योनासने ते ऐकलं. तो दोरशिडीवर अर्ध्यावर होता. त्याने आनंदाने खिशातली टोपी काढून हवेत फिरवली. म्हणजे एका हाताने.

"अरे धर!" मी ओरडलो. "दोन्ही हातांनी धर, गाढवा, पडशील!"

तो दोन्ही हातांनी धरून वर चढत गेला. मराठी त्याला कुठून कळणार, पण आवाज कळला असावा. मी दोरखंडाच्या वेटोळ्यावर जाऊन बसलो.

मृणाल माझ्याजवळ आली. ती हसत नव्हती. तिने हळूच विचारलं, "बाबा, ते 'या' कुठलं होतं?"

मी दोरशिडीकडे बघत राहिलो. ती समजली. तिला दोन्ही भाषा येतात ना.

"मग मी सांगते त्यांना," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "गैरसमजावर मला लग्न करायचं नाही. योनासलाही आवडणार नाही." आणि ती कप्तानाच्या दिशेने निघाली.

"थांब," मी म्हणालो. "तो वर आहे. वर असताना सांगू नको. हात सुटायचा."

ती थांबली. आम्ही तिघे मान वर करून बसलो. डोलकाठी प्रत्येक लाटेला ह्या टोकाकडून त्या टोकाकडे झुकत होती, आणि तिच्या वरच्या आडव्या काठीवर तो पोटावर ओणवा होऊन शीड आवळत होता. पाइनचं लाकूड करकरत होतं, वाकत होतं, परत सरळ होत होतं. मी तोंडाने काही म्हणत नव्हतो, पण माझे दोन्ही हात दोर धरल्यासारखे आवळले होते. ते हिने पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "गाढव तुम्ही कुणाला म्हणता?"

"वखारीतल्या पोरांना."

"आणि?"

"आणि मृणालला. लहानपणी."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि रुमाल सोडून पुन्हा बांधू लागली.

तेव्हा मला दुसरा धक्का बसला, आणि तो पहिल्याहून मोठा होता. मी त्याला लांब ठेवायला अहो-जाहो केलं म्हणून 'या' निघालं. वयाने केवढा लहान तो. सरळ अरे-तुरे केलं असतं तर तोंडून 'ये' निघालं असतं, जर्मन लोकांना ते कळलं नसतं, घंटा वाजली नसती, आणि मी सुखाने 'नाइन' म्हणून घरी गेलो असतो. माझ्याच मानपानाने मला बुडवलं. आणि तो पडेल असं वाटलं तेव्हा मी त्याला 'अहो, दोन्ही हातांनी धरा' असं म्हणालो नव्हतो.

शीड आवळलं गेलं. तो उतरू लागला, सावकाश, दोन्ही हातांनी. डेकवर पाय टेकले, हात पँटला पुसले आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. श्वास लागला होता. मृणाल बोलायला तोंड उघडत होती. तिच्या आधी तोच बोलला.

"आलो," तो म्हणाला.

मी उठून उभा राहिलो. जवळ वेटोळ्यावर एकाला पुरेल एवढी जागा होती. मी तिथे हात थोपटला.

"ये," मी म्हणालो.

मृणालच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. बाकी कुणाला काही कळलं नाही. कप्तानाने पाइप काढून घाबरून विचारलं, "या ओडर नाइन?" म्हणजे हो की नाही. योनासचा चेहरा तर वरून पडल्यासारखाच झाला होता. त्याला वाटलं मी शब्द फिरवला.

मृणालने नाक पुसत सगळ्यांना जर्मनमध्ये समजावलं. काय सांगितलंस, असं मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "सांगितलं की हे 'या'चंच धाकटं रूप आहे. फक्त घरच्यांना म्हणतात."

घंटा दुसऱ्यांदा वाजली. ह्या वेळी मी स्वतः वाजवली.

कराड

दिवाळीनंतर तो इथे येणार आहे. आईला घेऊन. मी निलगिरीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण ते पोर पाइन निघालं, माझी ओळखण्यात चूक झाली. काल फोनवर शेवटी तो 'येतो' म्हणाला आणि मी उत्तर दिलं, तेव्हा पलीकडे मृणाल हसल्याचं ऐकू आलं. उत्तर शिकवायचं तिने त्या संध्याकाळी मुद्दाम टाळलं होतं का, हे मी विचारत नाही. विचारलं तर म्हणेल, निम्मं धरा.

आता ज्यांना जर्मनीला जायचं असेल त्यांच्यासाठी. स्वेटर न्या, चटणी न्या, रविवारी मिक्सर लावू नका, खिडकीतली बाई काहीही म्हणाली तरी आत शिरू नका. आणि तिथे कुणी तुमचा निरोप घेऊन वादळात दोरशिडी चढायला लागलं, तर मान बाजूला ठेवा आणि त्याला 'ये' म्हणा. घंटा वाजणार नाही. पण तो दोन्ही हातांनी धरून खाली येतो.